एक जुलैचे भाऊजी

या पृथ्वीवर चूक नावाची जी काही वस्तू आहे, ती केवळ आमच्या भाऊजींना सापडावी म्हणून निर्माण झाली आहे, असं माझं बरीच वर्षं प्रामाणिक मत होतं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नागपूरच्या महाल भागात दोन खोल्यांचं बिऱ्हाड, वरच्या खिशात दोन्ही टोकांना तासलेली लाल पेन्सिल, आणि चेहऱ्यावर सदैव असा भाव, की साऱ्या जगानं आपली उत्तरपत्रिका यांच्याकडं तपासायला पाठवली आहे आणि जग काही पास होणार नाही. लग्नपत्रिका आली की लोक जेवण कुठं आहे ते बघतात. भाऊजी पंचांग काढून बसत. एकदा तिथी आणि वार जुळत नाही असं निघालं. ते पत्रिका घेऊन भर उन्हात सायकलीवर इतवारीत गेले आणि मुलीच्या बापाच्या हातात ठेवून म्हणाले, "हे आधी दुरुस्त करा, मग आम्ही येतो." त्या बिचाऱ्यानं चारशे पत्रिका हातानं दुरुस्त केल्या. लग्नात मात्र पंगतीमध्ये भाऊजींच्या पानात दुसऱ्यांदा जिलेबी कोणी वाढली नाही. "वाढपी मोजण्यात चुकला," असं भाऊजी घरी येऊन म्हणाले.

माणूस मेला तरी त्याची यांच्या हातून सुटका नसे. शेजारचे एक आजोबा गेले. अंगणात बायका रडताहेत, मोठा मुलगा कोणाला तरी सांगतो आहे, "ब्याऐंशी वर्षांचे झाले होते हो." कोपऱ्यातून आमच्या भाऊजींचा आवाज आला, "ऐंशी. मी रेशनकार्ड पाह्यलं आहे." तो मुलगा रडायचंच विसरला. घरी पत्त्यांची एक वही होती. कोणी वारलं की त्याच संध्याकाळी त्या नावावर पट्टी ठेवून लाल रेघ. मी एकदा टायफॉइडनं पंधरा दिवस दवाखान्यात होतो. बरा होऊन ताईकडं गेलो तर वहीत माझ्या नावापुढं बारीकसं प्रश्नचिन्ह! मी चिडून विचारलं, "हे काय भाऊजी?" तर जराही न लाजता म्हणाले, "काहून चिडून राहिला गा? पक्कं नव्हतं ना काही. म्हणून तर पेन्सिलीनं केलं." आणि खोडरबर काढून मला त्यांनी परत जिवंत केलं.

अशा माणसाचा स्वतःचा वाढदिवस मात्र घरात कधी झाला नाही. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख एक जुलै होती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ताईनं हौसेनं त्या दिवशी श्रीखंड केलं, तर भाऊजी ताटावरून उठले. "ती नोंद आहे वं, वाढदिवस नाही," एवढंच बोलले आणि बाहेर जाऊन सायकल पुसत बसले. त्यांची आई ते तान्हे असतानाच गेली होती, मामानं नागपूरला आणून वाढवलं, एवढं आम्हांला माहीत होतं. त्यापलीकडं विचारायची सोय नव्हती. ताईनं पुढं कधी श्रीखंड केलं नाही.

आपल्या इकडं त्या पिढीत एक जुलैला जन्मलेल्यांची काही कमी नाही. शाळा एक जुलैला उघडायची. बाप पोराला दंडाला धरून शाळेत आणायचा. मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? बाप म्हणायचा, धान कापत होतो तेव्हाचा. मास्तर वर्षाचा अंदाज करायचे आणि पुढं एक जुलै लिहून टाकायचे. अख्खी गावंच्या गावं अशी एका दिवशी जन्माला आली आहेत. हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त एका यंत्राला.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. कळमेश्वरच्या ज्या कारखान्यात भाऊजी आस्थापना विभागाचे हेडक्लार्क होते, तिथंच मी स्टोअरमध्ये होतो. मला चिकटवलं त्यांनीच, पण अर्जातल्या तीन चुका काढून आणि तो तीनदा लिहायला लावून. तर त्या कारखान्यात कंप्युटर आला. त्याच्यासाठी एअर कंडिशनर लावलेली खोली झाली, दाराशी चपला काढायची पाटी लागली. आम्ही माणसं पत्र्याखाली शिजत होतो आणि ते यंत्र थंडगार खोलीत हिरवी अक्षरं दाखवत बसलं होतं. भाऊजींना वाटलं, देवानं आपलं म्हणणं शेवटी ऐकलं! चुका न करणारं कोणी तरी भेटलं! सहा महिने खपून त्यांनी कारखान्यातल्या प्रत्येक माणसाची नोंद त्यात चढवून घेतली. आणि मग जुनी रजिस्टरं, बांधणीसकट, कागदाच्या लगद्यासाठी पाठवून दिली. मी म्हटलं, "भाऊजी, राहू द्या ना एखादं वर्ष." ते म्हणाले, "दोन ठिकाणी नोंद असली की चुकीले जागा मिळते."

मग कंप्युटरवाल्या कंपनीचे एक इंजिनियर आले आणि त्यांनी 'सफाई' नावाचा प्रोग्रॅम बसवला. यंत्रातल्या सदोष नोंदी तो आपणच शोधून काढायचा. रकाना रिकामा असेल, तीच माहिती पुन्हापुन्हा आली असेल, तर नोंद सदोष. "सर, काढायच्या आधी लिस्ट नीट बघून घ्या," असं ते इंजिनियर दोनदा बोलले. पण समोर मोठे साहेब उभे, आम्ही दहा-बारा जण दाराशी अनवाणी उभे, आणि भाऊजींच्या आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण! पडद्यावर हिरव्या अक्षरांत इंग्रजी नावं सरसर वर सरकत होती. शेवटी आकडा आला, तीनशे सात. काढू? हो की नाही? "चूक ती चूक. त्यात पाहाचं काय?" असं म्हणून ज्या माणसानं लग्नपत्रिकासुद्धा कधी न वाचता सोडली नाही, त्यानं न वाचता हो दाबलं. टाळ्या झाल्या. पेढेही आले.

दुसऱ्या दिवशी यादी छापून निघाली. मी स्टोअरचं पान उघडलं तर श्रावण नाही. श्रावण म्हणजे माझ्याकडचा हमाल, कुहीकडच्या एका खेड्यातला. नऊ वर्षं बदली कामगार म्हणून काम केलेलं, आणि त्या महिन्याच्या अखेरीस जे लोक कायम व्हायचे होते त्यांत पहिलं नाव त्याचं. नऊ वर्षं तो रोज सकाळी फाटकाशी उभा राहून आज काम आहे का विचारत आला होता. मी यादी घेऊन भाऊजींकडं धावलो. ते आधीच यादी पुढं घेऊन बसले होते. चेहरा पांढराफटक. गेलेले सगळे तीनशे सात एक जुलैवाले होते. एकाच तारखेला एवढी माणसं जन्मूच शकत नाहीत, कोणी तरी आळशानं तीच तारीख पुन्हापुन्हा चढवली, असं यंत्रानं ठरवलं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, श्रावण गेला." ते हळूच म्हणाले, "मीही गेलो गा." त्यांचं स्वतःचं नाव यादीत नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी हसू फुटलं. चांगली खोड मोडली, असंही वाटलं. पण त्यांचा हात त्या लाल पेन्सिलीवर नुसता पडून होता, आणि ते बघून माझं हसू विरलं.

मोठे साहेब कलकत्त्याकडचे. त्यांनी हिंदीत निकाल दिला. "मशीन गलत नहीं बोलता. सबका असली जन्मतारीख लाओ. जिसका नहीं मिलेगा, वो परमानेंट नहीं होगा." मुदत आठ दिवसांची. रजिस्टरं तर आमच्या या शहाण्या माणसानं लगद्यात घातलेली! भाऊजींनी रजा टाकली आणि गावोगाव हिंडायला लागले. कुहीकडं जाताना मला बरोबर घेतलं. एसटीतून उतरून धानाच्या बांधांवरून आम्ही श्रावणच्या घरी पोचलो. त्याची म्हातारी आई ओसरीत तांदूळ पाखडत होती. भाऊजींनी वही उघडली, समास आखला आणि विचारलं, "श्रावणचा जन्म कधीचा, आजी?"

"ज्या साली नदीचं पाणी देवळात शिरलं ना बाप्पा, त्या सालचा. लहानी म्हैस याली त्याच्या दुसऱ्या दिसी."

भाऊजींनी पुराचं साल काढलं, बोटांवर हिशेब केला आणि पेन्सिल थांबली. दाखल्यावर श्रावण चौतीस वर्षांचा होता. आईच्या हिशेबानं सदतीस. आणि कायम व्हायची वयोमर्यादा होती पस्तीस. म्हणजे खरी नोंद केली की श्रावण संपला. जन्मभर ज्या खऱ्या नोंदीचा यांनी धोशा लावला, ती अशी समोर पाखडत बसली होती! मी म्हटलं, "आता काय करता?" ते चिडले. "मले पाणी आणून दे आधी." मी विहिरीवर गेलो. तांब्या घेऊन परत आलो तर म्हातारी भाऊजींच्या अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन काही तरी सांगत होती, आणि भाऊजी लहान पोरासारखे मांडी घालून ऐकत होते. मला बघून त्यांनी वही मिटली. परतीच्या एसटीत कंडक्टरनं तिकिटावर चुकीच्या गावाला छेद दिला, तरी ते काही बोलले नाहीत. तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती.

आठव्या दिवशी ते मोठ्या साहेबांपुढं उभे राहिले. मी दाराशी होतो. भाऊजी म्हणाले, "साहब, मैं सब गाँव घूमके आया. ये सब लोग एक जुलाई को ही पैदा हुए हैं."

"तीन सौ सात आदमी? एक ही दिन?"

"होय साहब. मैं भी. मेरा एंट्री गलत बोलते होंगे, तो पहले मुझे निकालो." आणि त्यांनी कागद पुढं केला. या सर्व जन्मतारखा, माझ्या स्वतःच्या तारखेसह, मी तपासल्या असून त्या खऱ्या आहेत, अशा मजकुराखाली त्यांची सही होती. चौदा वर्षांत ज्यानं साहेबांच्या पत्रांतल्याही चुका काढल्या होत्या, त्याची सही. साहेबांनी ती बराच वेळ पाहिली. हा माणूस खोटं लिहू शकतो, ही कल्पनाच त्यांना करता येईना. इंजिनियरला बोलावून ती अट काढून टाकली, भाऊजींनी तीनशे सात नावं परत चढवून घेतली, प्रत्येकापुढं एक जुलै, आणि महिनाअखेर श्रावण कायम झाला. त्यानं स्टोअरमध्ये सगळ्यांना तर्री-पोहे खिलवले. भाऊजींनी पोह्यांत खडा काढून दाखवला. मला हायसं वाटलं.

पुढं चार वर्षांनी तीस जूनला भाऊजी रिटायर झाले. हार झाला, शाल झाली. कार्यक्रम संपल्यावर श्रावणनं मला बाजूला घेतलं. त्याचे डोळे भरले होते. "बाबूजी, माह्या मायनं मले आत्ता आत्ता सांगतलं. सायेब आमच्याच गावचे होत. त्यायच्या मायचं बाळंतपण माह्या मायनंच केलं होतं. मामानं शाळेत लवकर बसवाले दोन वर्सं वाढवून लिवलीत. सायेबाची नवकरी अजून दोन वर्सं बाकी हाय!"

चार वर्षं हा माणूस ते जाणून होता. स्वतःची एक नोंद दुरुस्त करायला फार तर एक अर्ज लागला असता. पण त्या सहीतली एक तारीख खोटी ठरली असती, तर उरलेल्या तीनशे सहांची चौकशी उघडली असती, आणि त्यांत पहिला श्रावण गेला असता. म्हणून ज्यानं जन्मात दुसऱ्याची चूक टिकू दिली नाही, तो स्वतःच्या चुकीच्या नोंदीवर मुकाट्यानं हार घालून घेत होता. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि तितकंच रडूही. "मग खरा जन्म कधीचा?" मी विचारलं.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिसचा. पोरं मारबत घेऊन शिवेकडं पळत होते, अन् इकडं हे झाले."

मारबतीचा पुतळा शिवेबाहेर नेऊन गावातली सगळी इडापिडा, रोगराई हाकलून लावायचा दिवस! दुसऱ्या कोणत्या दिवशी जन्मणार होते आमचे भाऊजी?

मग बऱ्याच गोष्टींचा मला उलगडा झाला. कुहीहून आल्यापासून दरवर्षी मारबतीच्या दिवशी ते सकाळी उठून नवा सदरा घालत, आणि ताई म्हणे, "यांना गर्दीचा तर तिटकारा, अन् मिरवणूक पाहाले कसे जातात कोणास ठाऊक." रिटायर झाल्यावरच्या पहिल्या मारबतीला मीही गेलो. ते गच्चीच्या कठड्याशी उभे होते. खालून काळी मारबत चालली होती, हजारो माणसं "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडत होती. मी खिशातून पेढ्यांचा पुडा काढला आणि त्यांच्यापुढं धरला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पुड्याकडं पाहिलं.

"काहून गा? आज काय आहे?"

"तुम्हीच सांगा."

त्यांनी एक पेढा उचलला, आणि खालच्या गर्दीकडं बघत म्हणाले, "तुह्या ताईले सांगू नको. वाढदिवस आहे. नोंद नाही."