नाथाजी इंजिनेर आणि शिशाच्या दोन ढेपा

पोस्टात काम करणाऱ्याच्या पोटात निम्म्या गावाची गुपितं असतात, आणि ती तिथंच राहिली पाहिजेत. मी आमच्या गावच्या डाकघरात सव्वीस वर्षं पोस्टमास्तर होतो. लोकांची पत्रं वाचून दाखवायची, लिहून द्यायची हेही माझ्याकडेच. कुणाचा मुलगा मुंबईहून काय थापा मारतो, कुणाची सून माहेरी काय गाऱ्हाणं घालते, सगळं ठाऊक असायचं. पण तोंडातून शब्द गेला नाही. नाथाजीचं गुपितही मी आठ वर्षं असंच सांभाळलं. ते फुटलं ते गुऱ्हाळावर, पन्नास माणसांत, आणि फोडणारा मी नव्हतो एवढं आधीच सांगून ठेवतो.

नाथाजी सहासष्ट साली फौजेतून पेन्शनीत आला. पलूसपासून चार मैलांवर आमचं गाव, फौजी घरटी एक. तेव्हा नुसत्या फौजीचं कुणाला कौतुक नसे. पण नाथाजीची पलटण होती पूल बांधणाऱ्या इंजिनेरांची. आल्या दिवशी चावडीवर बसून त्यानं आसामातल्या नद्या आणि त्यांवरचे पूल असे काही सांगितले, की संध्याकाळच्या आत त्याचं नाव नाथाजी इंजिनेर पडलं.

दुसऱ्या दिवशी पेन्शनचे कागद घेऊन तो माझ्याकडे आला. कागद इंग्रजीत. हुद्द्याच्या रकान्यात स्वच्छ लिहिलं होतं, कुक. म्हणजे लंगरातला आचारी. मी वाचलं आणि वर बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता.

"मास्तर, ह्ये आपल्या दोघांत," तो म्हणाला.

पलटण इंजिनेरांची होती हे खरं. पूल बांधणाऱ्या तीनशे जवानांना हा दोन वेळा डाळ-रोटी वाढायचा हेही खरं. मधलं तेवढं तो गाळायचा. आणि का गाळायचा ते मला कळत होतं. आमच्याकडे चुलीपुढं बसणाऱ्या पुरुषाला काय काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही. शिवाय त्याची बायको बनुबाई. अठरा वर्षं तिनं नवऱ्यावाचून शेत आणि सासू दोन्ही सांभाळलं होतं. आता विहिरीवर बायका तिला "इंजिनेरीणबाई, आदी तुमी भरा" म्हणून रहाट मोकळा करून द्यायच्या. तिच्या वाट्याला आलेला एवढाच मान. तो जाऊ नये म्हणून नाथाजी जिवाला जपावं तसं त्या गुपिताला जपायचा.

जपायचा म्हणजे किती? आठ वर्षांत तो स्वतःच्या स्वयंपाकघरात गेला नाही. हात शिवशिवले आणि सवयीनं फोडणी घातली, तर सगळंच बाहेर येईल ही भीती. आणि बनुबाई स्वभावानं सोनं असली तरी तिच्या हाताला चव नव्हती. लसूण ती करपवायची, हळद कच्ची ठेवायची, मीठ कधी दोनदा तर कधी नाहीच. एकदा त्यानं मला जेवायला बसवलं होतं. पहिला घास घेतला आणि मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. तीनशे माणसांच्या डाळीचा नुसत्या वासावरून अंदाज घेणारा हा माणूस डोळे मिटून, मुकाट्यानं, ताट चाटूनपुसून जेवत होता. शौर्यपदकं भलत्यांनाच मिळतात, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

चौऱ्याहत्तर साली गावात नळयोजना आली. नदीकाठच्या विहिरीपासून टाकीपर्यंत चर खणून झाला, लोखंडी नळ पडले. दोन नळ जोडायचे तर सांध्यात तागाचा दोर ठासायचा आणि वरून वितळलेलं शिसं ओतायचं, म्हणजे पाणी गळत नाही. ठेकेदाराचा माणूस छोटी शेगडी आणि हातभर कढई घेऊन आला होता. शिसं मात्र गावानं द्यायचं होतं. आमचे सरपंच नानासो हौशी माणूस. ते सांगलीला गेले आणि भंगारातून शिसं घेऊन आले. एकच गठ्ठा, साडेचारशे किलोचा. ट्रकमधून तो चावडीपुढं पडला तेव्हा जमीन हादरली आणि नानासो सोडून सगळ्यांना कळलं की हे त्या कढईत जाणार नाही.

मग चार दिवस गावानं त्या शिशाला मारहाण केली. तालमीतल्या पोरांनी घण घातले. दगड असता तर फुटला असता, पण शिसं फुटत नाही. घण बसला की तेवढा खळगा पडायचा आणि शिसं तसंच बसून राहायचं. छिन्नी मारली ती आत गेली ती गेलीच. करवतीचे दात भरून आले. कुणीतरी कुऱ्हाड घातली. ती इतकी रुतली की काढायला दोघं लागले. चौथ्या दिवशी गठ्ठा पूर्वीपेक्षा थोडा पसरट झाला होता, बाकी काही नाही. ठेकेदाराचा माणूस आठवड्याभरात दुसऱ्या गावाला जाणार होता.

"इंजिनेर, तुमी बोला की," नानासो म्हणाले. "पूल बांदल्यात तुमी. आमी अडानी लोक."

सगळं गाव नाथाजीकडे बघू लागलं. मी जमिनीकडे बघितलं. तो मिशी चोळत म्हणाला, "आख्खा गठ्ठा यकदमच पातळ करायचा. मोटं भांडं पायजे."

मोठं भांडं म्हणजे गुळाची काहील. काहिली होत्या धरणेंद्र अण्णांच्या गुऱ्हाळावर. घाण्याचा दात मोडून दुरुस्तीला सांगलीला गेला होता, त्यामुळे दोन दिवस गाळप बंद. अण्णांनी मागं पालथी पडलेली जुनी काहील द्यायचं कबूल केलं. काम झालं की तिला भोक पाडायचं, चुकून कुणी तीत गूळ करू नये म्हणून. आणि जैन माणूस, त्यांची एक अट होती.

"चुलवाण आधी झाडून घ्यायचं, किडा-मुंगी बघायची. आणि दिवस बुडायच्या आत जाळ विझला पाहिजे. अंधार पडला की पाखरं जाळावर झडप घालतात. शिशापायी जीवहत्या माझ्या गुऱ्हाळावर नको."

पहिल्या दिवशी गठ्ठा बैलगाडीतून नेला, फळ्या लावून काहिलीत लोटला आणि चिपाडाचा जाळ लावला. गुऱ्हाळावर एक नियम असतो. मालक कुणी असो, चुलवाण पेटलं की राज्य गुळव्याचं. आमचा गुळव्या अर्जुना. त्याच्या शब्दापुढं अण्णासुद्धा बोलत नसत. गठ्ठा खालून हळूहळू बसू लागला, कडेनं चकचकीत रस सुटला. वर काळी साय आली. अर्जुनानं मळी म्हणून ती झाऱ्यानं काढली आणि सवयीप्रमाणं, उसाच्या रसातली मळी वर यावी म्हणून घालतात त्या भेंडीच्या पाण्याची बादली उचलली.

"ठेव ती खाली," नाथाजी असा ओरडला, की अर्जुनाच्या हातून बादली अलीकडेच सांडली. "तापल्या तेलात पानी पडल्यावर काय हुतंय? हितं तर जीव जाईल मानसांचा."

"तुला रं तेलाचं काय ठावं?" अर्जुनानं विचारलं.

नाथाजी खोकला. "आसंच, आयकलंय."

तिथं तो वाचला, पण पुढं फसला. अर्जुनानं गुळाच्या ढेपेच्या बादल्या काढून ठेवल्या होत्या. गुळासाठी त्यांत ओलं फडकं घालतात. ते नाथाजीनं घालू दिलं नाही. पण "बादल्यांत ओतू का?" असं विचारल्यावर त्यानं पूल बांधल्याच्या थाटात मान हलवली. बारा माणसांनी वासे लावून काहील कलती केली. दोन बादल्या भरल्या आणि काहील रिकामी झाली. एवढ्या गठ्ठ्याच्या दोनच ढेपा? लोकांना फसवल्यासारखं झालं. जाळ विझवून सगळे घरी गेले.

सकाळी दोघं जण नेहमीसारखी ढेप उचलायला वाकले, आणि तसेच राहिले. मग चौघं वाकले. गुळाची ढेप तीस किलोची. त्याच बादलीतली शिशाची ढेप सव्वादोनशे किलोची. गावानं एक न उचलणारा गठ्ठा वितळवून दोन न उचलणारे गठ्ठे तयार केले होते.

हसण्याचा पहिला मान मीच घेतला, खोटं कशाला बोलू. नानासोंना मात्र हसू येईना. ते म्हणाले, "इंजिनेर, आसामातलं पूल अजून हुबं हायती न्हवं?"

बादल्या उपड्या करून त्या दोन ढेपा पुन्हा काहिलीत लोटल्या, पुन्हा जाळ लावला. नाथाजीनं या वेळी कोरडी राख आणवली, अंगणात पसरली आणि लाकडी वाटीनं दाबून तीत दोनशे खळगे पाडले. राखेच्या अशा प्रत्येक वाटीत दोन-सव्वादोन किलो, म्हणजे कढईत मावेल असा तुकडा. युक्ती चांगली होती. पण काहील कलती करून एवढ्या बारक्या वाट्या भरणार कशा? लांब दांड्याच्या पळीनं एकेक भरायला हवी होती. आणि पळी अर्जुना देईना.

"काल तुजं आयकलं, आन गाव हासलं मला," तो म्हणाला. "चुलवानावर गुळव्याचा हात. पूल बांदनाऱ्याला भांड्यातलं काय कळतंय? म्या वततो."

त्यानं ओतलं. चार वाट्यांत दोनदा सांडलं, एक थेंब स्वतःच्या वहाणेवर. वहाण जळाली, पाय वाचला. आठवी वाटी होईपर्यंत त्याला पळी दोन्ही हातांनी धरावी लागली, पण पळी सोडेल तर तो अर्जुना कसला. सूर्य कलला होता. धरणेंद्र अण्णा आभाळाकडे आणि मग जाळाकडे बघत होते. उद्या घाणा सुरू होणार, चार दिवसांत ठेकेदाराचा माणूस जाणार.

भाकऱ्यांची पाटी घेऊन आलेली बनुबाई बायकांत उभी होती. नाथाजीनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी मान हलवली नाही. तो माझा अधिकार नव्हता. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं.

तो पुढं झाला. "अर्जुना, पळी दे. म्या पूल बांदलं न्हाईत. म्या लंगरात सैपाकी हुतो. आटरा वर्सं तीनशे मानसांस्नी वाडलंय. भांड्यातलं मला कळतंय."

 अर्जुनानं ओतणं थांबवलं.

"सैपाकी? मग कालच बोलायचं न्हाईस व्हय रं गड्या?" असं म्हणून त्यानं पळी नाथाजीच्या हातात दिली आणि स्वतः जाळ सारायला बसला.

पुढचा तासभर आम्ही जे बघितलं ते आसामातल्या कुठल्याही पुलापेक्षा बघण्यासारखं होतं. तोंडाला फडकं बांधून, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा राहून नाथाजी वाढत होता. पळी बुडायची, साय बाजूला सारून वर यायची, भरल्या हातानं वळायची आणि वाटी काठोकाठ. थेंब नाही सांडला. पळी जड झाली की क्षणभर टेकायचा, पुन्हा लागायचा. आपण पंगतीत नसून शिसं ओततो आहोत हे तो विसरला असावा, कारण शंभराव्या वाटीला तो हळूच म्हणाला, "आनी देऊ का?" शेवटची वाटी भरली तेव्हा सूर्य उसाच्या तुऱ्यांवर होता. अण्णांनी स्वतः जाळ विझवला आणि नाथाजीला हात जोडले.

ठेकेदाराचा माणूस जायच्या आत सांधे भरले, होळीला नळाला पाणी आलं. गाव त्याला इंजिनेरच म्हणत राहिलं. सवय मोडायचा कंटाळा, दुसरं काय. नानासोंनी तर पुतण्याच्या लग्नाचा स्वयंपाक गुऱ्हाळावरच त्याच्या गळ्यात मारला. म्हणजे ज्या गोष्टीला तो आठ वर्षं भ्यायला, ती कुणाला अर्धा दिवसही पुरली नाही.

प्रश्न एकटीचाच होता. बनुबाई भाकऱ्यांची पाटी गुऱ्हाळावरच टाकून घरी गेली होती. मी साक्षीदार म्हणा, गुन्हेगार म्हणा, नाथाजीनं मला ओढतच बरोबर नेलं. ती सोप्यात बसली होती. चूल पेटवलेली नव्हती.

"तीनशे मानसांचा सैपाक येतोय तुमास्नी," ती म्हणाली.

"व्हय."

"मग करा."

त्यानं केलं. डाळ, भात, वांग्याची भाजी. घरभर असा वास सुटला की शेजारची रंगूबाई विसरलेलं काहीतरी मागायला आली आणि काय मागायचं तेच विसरली. नाथाजीनं पहिलं ताट बनुबाईपुढं ठेवलं. लग्नापासून तिला कुणी आयतं वाढलं नसावं. ती अवघडून पाटावर बसली होती आणि तो पळी घेऊन उभा. तिनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. डोळ्यांना पदर लावला.

"ह्ये आसं येत असून आट वर्सं माजं करपल्यालं गिळलासा? गप ऱ्हाऊन?"

"तुला वाईट वाटंल म्हून," नाथाजी म्हणाला. "आन तू लय मन लावून करत हुतीस."

"मन लावून काय? पैल्या दिशी चुकून करपलं. तुमी ताट चाटून पुसून खाल्लासा. मला वाटलं, मान्साला आसंच आवडतंय. म्हून रोज मुद्दाम करपवत ऱ्हायले." तिनं तिसरा घास घेतला. "मला तरी कुटं गिळत हुतं?"