तीन खोल्यांच्या तीनच खोल्या

कीथ ट्रँटरची नोटीस कचऱ्यात गेली ती माझ्या हातून. आधीच कबूल करून टाकतो, कारण या गल्लीत हे अजून कोणालाच ठाऊक नाही. पिझ्झाची दोन पत्रकं, गालिचे धुऊन देणाऱ्याचं एक कार्ड आणि त्यांच्या मधोमध एक पांढरं पाकीट असं सगळं दारामागच्या पायपुसण्यावर पडलं होतं. मंगळवार, म्हणजे कागदाच्या कचऱ्याचा दिवस. मी सगळं एका मुठीत उचललं आणि निळ्या पिशवीत कोंबलं. त्या एका मुठीची किंमत पुढे एक हजार नऊशे पन्नास पौंड झाली. ती भरली ट्रँटरनं. पण ऐकताना त्याची फार कीव करू नका. घाई नको, कारणं पुढे येतीलच.

इंग्लंडातल्या स्विंडनमधलं आमचं घर जुळं आहे. एकाच भिंतीला डावीकडून ओकलीबाई टेकलेल्या आणि उजवीकडून ट्रँटर नवरा-बायको. मी ओकलीबाईंचा भाडेकरू, मागच्या खोलीतला. भिंत एका विटेची, त्यामुळे सहा वर्षांत ट्रँटरचा संसार मला पाठ झाला आहे. जे भिंतीतून आलं नाही ते त्याची बायको ग्लेनिस कपडे वाळत घालताना कुंपणावरून सांगते.

ट्रँटरनं चौतीस वर्षं विमा कंपनीत काम केलं. लोकांचे दावे नामंजूर करणं हेच त्याचं काम. कोणाचं छत गळायचं, कोणाच्या स्वयंपाकघराला आग लागायची, आणि हा गृहस्थ चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून म्हणायचा, "पान चार, बारीक अक्षरातला मजकूर आपण वाचलेला दिसत नाही." ही गोष्ट तो अजूनही हसत हसत सांगतो. दर नाताळला सांगतो. आपल्याला जगात कोणी गंडवू शकत नाही अशी त्याची पक्की समजूत. अशा समजुतीची माणसं ठेकेदारांना फार आवडतात.

निवृत्त झाल्यावर त्याच्या हातात एकरकमी शेहेचाळीस हजार पौंड आले. त्यातले सहा हजार ग्लेनिसचे, हे त्या दोघांत आधीच ठरलं होतं. ग्लेनिसची मोठी बहीण नेस्टा न्यूझीलंडला, डनीडिनला राहते. अकरा वर्षांत भेट नाही. नेस्टाच्या डोळ्यांना हल्ली कडेकडेचं दिसतं, मधलं पुसट होत चाललंय. फोनवर ती म्हणाली होती, "ग्लेन, पुढच्या हिवाळ्याच्या आत आलीस तर तोंड दिसेल तुझं. नंतर आलीस तर नुसता आवाज." तेव्हा तिकीट, तीन महिन्यांचा मुक्काम आणि नेस्टाला एकदा समुद्रकाठानं फिरवून आणणं यासाठी ते सहा हजार. ग्लेनिसनं बिस्किटांच्या डब्यात विमानांच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या.

उरलेल्या चाळीस हजारांचं काय करावं हे ट्रँटरला ठरवावं लागलंच नाही. समोरच्या सतरा नंबरवाल्यांनी पोटमाळ्याची खोली करून घेतली होती आणि तिच्या खिडकीतून थेट ट्रँटरच्या अंगणातले टोमॅटो दिसत. बस्स. घरात माणसं दोन, झोपायच्या खोल्या तीन. लीड्सला राहणारी मुलगी हेदर वर्षातून दोनदा येते आणि हॉटेलात उतरते, कारण बाप न्हाणीघराच्या दाराशी घड्याळ घेऊन उभा राहतो. तरी ट्रँटरला पोटमाळ्यावर चौथी खोली हवी झाली.

"चार खोल्यांचं घर म्हटलं की भाव कुठल्या कुठे जातो," तो म्हणाला.

"विकायचंय का आपल्याला?" ग्लेनिसनं विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काय मग? भाव तर जातो ना!"

लव्हरिज नावाच्या ठेकेदारानं बेचाळीस हजार सांगितले. ट्रँटरनं घासाघीस करून साडेएकोणचाळीसवर आणले आणि आठवडाभर गल्लीत छाती काढून फिरला. लव्हरिजनं अडीच हजार कमी केले ते कसे, तर दोन कलमं उचलून शेवटच्या पानावर 'यात समाविष्ट नाही' या शीर्षकाखाली टाकली. शेवटचं पान म्हणजे पान चार. अक्षर बारीक. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या नाकासमोर पान चार नाचवणाऱ्या माणसानं पान तीनच्या तळाशी सही ठोकली, कारण आकडा तिथं होता.

आता ती नोटीस. सामाईक भिंतीत लोखंडी तुळई घुसवायची तर शेजाऱ्याला आधी लेखी कळवावं लागतं. शेजाऱ्यानं चौदा दिवसांत 'चालेल' म्हणून सही केली की काम सुरू. काहीच उत्तर आलं नाही तर कायदा त्याला तंटा समजतो. मग मोजणी करणारा तज्ज्ञ नेमायचा, शेजाऱ्याला वाटलं तर त्यानं स्वतःचा वेगळा नेमायचा, आणि दोघांची फी बांधणाऱ्यानं भरायची. म्हणून इथली शहाणी माणसं नोटीस टाकायच्या आधी केक घेऊन शेजाऱ्याकडे जातात.

ट्रँटर ओकलीबाईंशी नऊ वर्षं बोलत नव्हता. कारण त्यांच्या कुंपणाची मेंदी त्याच्या बाजूला हातभर आली होती, आणि त्यानं ती न विचारता कापली. कापली ती कापली, वर फांद्या ओकलीबाईंच्याच अंगणात टाकल्या. तेव्हा केक वगैरे प्रश्नच नव्हता. त्यानं पाकीट दाराच्या फटीतून ढकललं आणि वळला.

चौदा दिवस तो उत्तराची वाट बघत राहिला. घंटा आमच्या दारावर, त्याच्या दारापासून अकरा पावलांवर. मी मोजली आहेत.

"अरे, जाऊन विचार की त्यांना," ग्लेनिस म्हणाली. भिंतीतून स्पष्ट ऐकू आलं.

"मी का जाऊ? कायद्यानं उत्तर त्यांनी द्यायचंय."

"मग मी जाते."

"ग्लेनिस, तू बस. त्या बाईला वाटेल आपण गरजू आहोत."

पंधराव्या दिवशी त्यानं दुसरं पत्र पाठवलं, तेही रजिस्टरनं. म्हणजे अकरा पावलांचा प्रवास त्या पत्रानं शहराच्या पलीकडल्या टपालकोठीतून केला. मजकूर असा की, 'आपण उत्तर देण्यात कसूर केली आहे, परिणामांस आपण जबाबदार राहाल.' ओकलीबाई एकोणऐंशी वर्षांच्या. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"कसूर?" त्या मला म्हणाल्या. "कसली कसूर रे? पहिलं पत्र कुठं आलंय मला?"

निळी पिशवी डोळ्यांसमोर उभी राहिली. सांगायला तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "आणि आलं असतं तर केली असती मी सही. मला काय करायचंय त्याच्या छपराचं! पण आता नाही. आता मलाही माझा माणूस नेमायचाय. सगळ्यात महागडा कोण, बघ जरा त्या तुझ्या फोनवर."

मी तोंड मिटलं आणि फोन उघडला.

दोन तज्ज्ञ आले. एकजण ट्रँटरचा, एकजण ओकलीबाईंचा, दोघे कॉलेजातले मित्र निघाले. त्यांनी ओकलीबाईंच्या बाजूच्या भिंतीचे त्र्याण्णव फोटो काढले, आधी तडे कुठं होते याचा पुरावा म्हणून, आणि आमच्याकडे चहा पिऊन गेले. बिल एक हजार नऊशे पन्नास. पान चार, कलम पहिलं.

मग परांच्या बांधल्या गेल्या, कौलं उतरली, आणि लव्हरिज दातांतून हवा ओढत ट्रँटरसमोर उभा राहिला. या धंद्यात हवा ओढली की शंभर पौंड, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

"बॉस, दरवाजे."

"कसले दरवाजे?"

"तिसऱ्या मजल्यावर माणूस झोपणार म्हटल्यावर जिन्याकडे उघडणारं प्रत्येक दार अर्धा तास आग सोसणारं लागतं. नगरपालिकेचा नियम आहे. तुमची ही दारं जळायला पाच मिनिटं पुष्कळ."

ती दारं एकोणीसशे चौतीस सालची, पाइन लाकडाची. एका उन्हाळ्यात ट्रँटरनं स्वतः त्यांचा रंग खरवडून मेण चढवलं होतं. आयुष्यात त्याच्या हातून झालेलं हे एवढं एकच देखणं काम. सातही दारं अंगणात पालथी पडली. नवी आली, पांढरी, जड, दवाखान्याच्या दारांसारखी, आणि हात सोडला की आपोआप धाडकन मिटणारी. सतराशे पौंड.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलंय की. पान चार."

मला भिंतीपलीकडे बसून टाळी वाजवावीशी वाटली. वाजवली नाही, कारण ती निळी पिशवी अजून डोळ्यांसमोर होती.

त्यानंतर माळ्यावरची पाण्याची टाकी. ती तिथून काढायची तर गरम पाण्याची सगळी व्यवस्था बदलायची, म्हणजे नवा बॉयलर. दोन हजार सातशे सहासष्ट.

ही रक्कम ऐकली त्या दिवशी ग्लेनिस स्वयंपाकघरात उभी होती. ट्रँटरनं तिच्याकडे न बघता सांगितलं, "तुझ्यातले थोडे घ्यावे लागतील. घराच्या किमतीत येतातच ते परत."

"किती उरतील?"

"चौऱ्याऐंशी."

ग्लेनिसचा आवाज आला, अगदी साधा. "चौऱ्याऐंशी पौंडांत विमान कुठवर जातं, कीथ?"

"आता मला काय माहीत! डब्लिनला जाईल."

"नेस्टा डब्लिनला राहत नाही."

"पुढच्या वर्षी बघू की. कुठं पळून चाललीय ती?"

"ती नाही पळत. तिचे डोळे पळतायत," ग्लेनिस म्हणाली, आणि नवं दार तिच्यामागे आपोआप धाडकन मिटलं.

सप्टेंबरात खोली तयार झाली. खाली नवी जमीन आणि वर थंडी अडवणारा जाड थर धरला तर ट्रँटर फक्त मधोमध ताठ उभा राहू शकतो. एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे गेला की कपाळ तुळईवर. पहिल्या आठवड्यात त्याच्या कपाळावर तीन टेंगळं होती आणि तरी तो गल्लीतल्या लोकांना खोली दाखवायला वर नेत होता.

पण खरी मौज पुढेच. खोली वर, तर जिना कुठून? नकाशात तो होताच, ट्रँटरनं पाहिलाही होता. फक्त जिन्याला जागा लागते हे त्यानं मनावर घेतलं नव्हतं. जिना गेला मागच्या लहान खोलीतून. खोलीचा दोन तृतीयांश भाग त्यानं खाल्ला. जे उरलं त्यात इस्त्रीचं टेबल मावतं, उघडायचं नसेल तर. म्हणजे हिशेब सोपा आहे. तीन खोल्या होत्या, एक वर चढली, एक खाली बुडाली. शेहेचाळीस हजारांतले चौऱ्याऐंशी उरले आणि खोल्या तीनच राहिल्या. घराची किंमत करणारा दलाल आला होता. त्यानं चारदा मोजल्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत एक कार्ड लागलं. 'नवी, उजेडाची खोली भाड्यानं. महिना ५२० पौंड.' खाली ग्लेनिसचं नाव.

"माझ्या घरात भाडेकरू?" ट्रँटर ओरडला. "आणि हेदर आली तर?"

"हेदर हॉटेलात उतरते."

"लोक काय म्हणतील? सतरा नंबरवाले काय म्हणतील?"

"कीथ, ती खोली तू नेस्टाच्या डोळ्यांवर बांधलीस. आता तिकिटाचे पैसे ती खोलीच देईल. तुला चालत नसेल तर ओकलीबाईंना नोटीस पाठव आणि चौदा दिवस थांब."

चौतीस वर्षांत किती लोकांना त्यानं असंच उत्तर देऊन परत पाठवलं असेल, हा विचार त्याला शिवला असेल का? मला शंका आहे.

भाडेकरू मिळाला तो इडवल, शहरबसचा ड्रायव्हर, सव्वासहा फूट उंच आणि अंगानं दांडगा. तो खोलीत वाकूनच वावरतो आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. पहाटे चारला त्याचा गजर होतो, मग ट्रँटरच्या डोक्यावर बरोबर वीस मिनिटं पावलं वाजतात, मग सात दारं एकामागून एक धाडधाड मिटतात. इडवल वेल्सचा, ग्लेनिसच्याच खोऱ्यातला. संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात वेल्शमधून बोलत बसतात आणि खदखदा हसतात. ट्रँटरला वाटतं, आपल्याबद्दल बोलतायत. बरोबर वाटतं. मी ग्लेनिसला विचारून खात्री करून घेतली आहे.

तीन महिन्यांची भाडी जमली आणि जानेवारीच्या शेवटी ग्लेनिस डनीडिनला गेली. तीन महिन्यांसाठी नाही, पाच आठवड्यांसाठी, कारण पैसे तेवढेच. तिनं कुंपणावरून दाखवावा तसा मला फोटो पाठवला. दोघी बहिणी समुद्रकाठच्या बाकावर बसलेल्या, आणि नेस्टा मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं, ग्लेनिसकडे एकटक बघतेय. खाली लिहिलं होतं, 'अजून दिसते मी.'

ट्रँटर सध्या एकटाच आहे. इडवलला चहा करून देतो, कारण भाडं चुकलं तर ग्लेनिसला काय सांगणार?

तुळई भिंतीत ठोकत होते तेव्हा ओकलीबाईंच्या भिंतीवरची एक बशी पडून फुटली. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या लाँडिडनोची, समुद्राचं चित्र असलेली, त्यांच्या नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी आणलेली. तशीच बशी त्यांना जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात बारा पौंडांना दिसली. त्यांनी बारा पौंडांची चिठ्ठी ट्रँटरच्या दारातून टाकली. ट्रँटरनं तिच्याच मागे उत्तर लिहून पाठवलं: 'बशी आधीपासून फुटलेली नव्हती याचा पुरावा जोडलेला नाही. दावा नामंजूर.'

ओकलीबाईंनी तज्ज्ञांच्या त्र्याण्णव फोटोंतला एकसष्टावा काढून पाठवला. भिंत, भिंतीवर खिळा, खिळ्यावर बशी, धडधाकट. तो फोटो काढायचे पैसे ट्रँटरनंच भरलेले.

याला आता पाच महिने झाले. बशीचे तुकडे बुटांच्या खोक्यात आमच्या खिडकीत ठेवलेले आहेत, त्याला येता-जाता दिसतील असे. तो अकरा पावलं चालून येत नाही. मी नोटिशीचं सांगत नाही. ओकलीबाई रोज टपालाच्या वेळी पायपुसणं बघतात, आणि मंगळवारी कागदाचा कचरा आता त्या स्वतःच टाकतात. बारा पौंड अजून यायचे आहेत.