'मूळ मराठीवरून भाषांतर'

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो, पण मुलींच्या वसतिगृहाचं ते प्रकरण काही विसरता येत नाही. त्यात आरोपी सापडले, मला शाबासकी मिळाली आणि माझ्यामुळे एका सज्जन माणसाचं वाटोळं झालं. हे इतक्या वर्षांत कुठं लिहिलं नव्हतं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मी तेव्हा हैदराबादला दक्षता विभागात प्रतिनियुक्तीवर होतो. आमचे आजोबा मराठवाड्यातून आलेले, मी वाढलो चिक्कडपल्लीत. घरात मराठी, रस्त्यावर दखनी, कचेरीत तेलुगू नाहीतर इंग्रजी. एके सकाळी टपालात माझ्या नावाचं पाकीट आलं. आत दोन पानांचं बिनसहीचं पत्र, स्वच्छ मराठीत. सरकारी वसतिगृहाच्या स्लॅबमध्ये सिमेंट कमी घातलंय, तपासणीचे ठोकळे खोटे आहेत. शेवटी लिहिलं होतं, "तुम्ही मराठी आहात म्हणून तुम्हालाच लिहितो. दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तरी वाचता येणार नाही."

टपालाच्या कारकुनानं विचारलं, "साब, ये हिंदी है क्या?"

"हिंदी कायकू? हमारी जबान है!" मी ऐटीत म्हणालो. पत्राचं इंग्रजी भाषांतर मी स्वतःच केलं. वर 'मूळ मराठीवरून भाषांतर' असं लिहून खाली झोकदार सही ठोकली, कागद फाइलला लावला आणि प्राथमिक चौकशी सुरू केली.

ठोकळ्यांचं असं असतं. स्लॅब ओततात त्या दिवशी त्याच मालाचे काही ठोकळे पाडायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग प्रयोगशाळेत दाबून फोडायचे. ठोकळा किती भार सोसतो, त्यावरून स्लॅबचा अंदाज येतो. इथले सगळे ठोकळे पास होते. मी रजिस्टर चाळत होतो, तेव्हा बांधकाम खात्याचा वर्क इन्स्पेक्टर जवळ आला. विद्यानगरला राहणारा, मूळचा मराठवाड्यातला.

"जय भीम, साहेब. पत्र पोचलं ना?" तो हळूच मराठीत म्हणाला. "ह्या रजिस्टरवर साक्षीदार म्हणून माझी सही हाय. दमदाटी करून घेतलीय. माझं नाव फुटलं तर नोकरी जाईल. घरात मी एकटाच कमावता."

"निश्चिंत राहा," मी म्हणालो. "तुमचं नाव कुठंही येणार नाही."

मग कंत्राटदाराच्या सुपरवायझरला समोर बसवलं. जबाब घेताना मी आवाज चढवत नसे. आवाज चढवला की माणूस आणखी मिटतो. तासभर इकडचं तिकडचं बोलून मी ठोकळ्यांवर आलो, "ये डब्बे पानी में कहाँ रखते?"

"इधरीच, साब. टाकी में."

"चलो, दिखाओ."

टाकी कोरडी ठणठणीत! आत सरपण रचलेलं आणि कोपऱ्यात एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. शेजारच्या गवंड्याला हसू आवरेना. "साब, डब्बे यहाँ कब बने? बने-बनाए आते, सेठ के गोदाम से."

कंत्राटदाराच्या गोदामात दमदार माल कालवून ठोकळे पाडले जात होते. सुपरवायझर सगळं सांगत सुटला. स्लॅबला भोकं पाडून नमुने काढले, तर खडी बोटांनी निखळत होती. स्लॅब पाडून नवा घातला गेला. अभियंता निलंबित झाला, कंत्राटदारावर गुन्हा दाखल झाला.

नियमाप्रमाणे फाइलची प्रत अभिप्रायासाठी बांधकाम खात्याकडे गेली. पहिल्याच पानावर माझं भाषांतर, वर 'मूळ मराठीवरून' ही ओळ. नाव कुठंही नव्हतं, पण त्या कचेरीत मराठी माणूस एकच होता. अरे, मला हे सुचू नये? कुठल्या कचेरीत आपलं माणूस कोण, हे आम्ही हैदराबादचे मराठी लोक पहिल्या दिवशीच हुडकून काढतो! खात्यानं रजिस्टरवरची सही पुढं करून त्यालाही निलंबित केलं.

मी वरिष्ठांकडे धावलो. तपासाला मदत यानंच केली, असं खात्याला कळवा म्हणालो. ते म्हणाले, "खबऱ्याचं नाव आपण लेखी देत नाही. नियम ठाऊक आहे ना?" मला अडून बसता आलं असतं. माझी बढती तोंडावर होती. मी गप्प बसलो. त्याची लाज आजही वाटते. तो पुढं दोषी म्हणूनच निवृत्त झाला.

मी निवृत्त झाल्यावर धीर करून विद्यानगरला त्याच्या घरी गेलो. मुलीनं दार उघडलं. "डॅडी, कोई अंकल आए." चहा आला. मी म्हणालो, "चुकलो मी. आता खरं काय ते माझ्या सहीनं लिहून देतो. अपील करा."

तो बशीत फुंकर मारत म्हणाला, "कुठल्या भाषेत देता, साहेब?"

मला हसता आलं नाही. खबऱ्याचं नाव गाळलं की आपलं काम झालं, असं मी नोकरीभर समजत आलो होतो. त्याची खूण कशाकशात उरते, हे पाहणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही.

मी तिथंच बसून इंग्रजीत लिहिलं. चष्मा नव्हता म्हणून त्यानं कागद मुलीला वाचायला दिला. दुसऱ्याच ओळीवर ती थांबली.

"डॅडी, वो लेटर आपने लिखा था?"

इतकी वर्षं त्यानं घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. आपल्या बापानं खोट्या रजिस्टरवर सही करून नोकरीला डाग लावला, एवढंच त्या पोरीला माहीत होतं.