इंदूसाठी केलेल्या हिरव्या वड्या

डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात इंदूच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, मग पिवळं, आणि शेवटी विटेसारखं लाल. त्यांनी दिवा विझवला.

"डायबेटिस आहे," ते म्हणाले. डायबेटिस म्हणजे मधुमेह. अंगातली साखर अंगी लागत नाही, लघवीवाटे वाहून जाते. मला वाटायचं हा म्हाताऱ्या, बसून खाणाऱ्या माणसांचा आजार. इंदू माझी धाकटी नणंद. तिला सतरावं लागलं होतं आणि उसाचा भारा डोक्यावर घेऊन ती माझ्यापुढे चालायची.

ज्यांच्या घरात हा आजार शिरला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. धीर देण्यासारखं माझ्याजवळ फार नाही, हे आधीच सांगते.

सुरुवात तहानेपासून झाली. लढाई संपल्यानंतरचं वर्ष होतं. माझे यजमान पलटणीबरोबर हरलेल्या जपानात पहाऱ्यावर होते. साताऱ्याजवळच्या आमच्या गावी सासूबाई, इंदू आणि मी, अशा तिघीच. इंदू घागरीशी उभी राहून तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची. भाकरी पोटभर खायची आणि तरी वाळत चालली होती. चोळीच्या बाह्या दंडावर लोंबू लागल्या. मोरीत मुंग्यांची रांग लागलेली सासूबाईंनीच पहिल्यांदा पाहिली. गावातल्या वैद्यांनी कारल्याचा रस दिला. त्यानं काही झालं नाही, तेव्हा मी तिला आणि सासूबाईंना घेऊन सांगलीला आले. माझं माहेर तिथं जवळच, माधवनगरात. वडील गिरणीत कामाला होते आणि दवाखान्यातले डॉक्टर त्यांच्या माहितीचे होते.

सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "बरी कवा हुईल?"

"बरी होणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण इन्सुलिन घेतलं तर जगेल. रोज, सकाळ-संध्याकाळ. जन्मभर."

इन्सुलिन म्हणजे टोचून घ्यायचं औषध. ते पोटात घेता येत नाही. काचेची पिचकारी आणि सुई पाण्यात उकळायची, निवू द्यायची, बाटलीतलं औषध ओढायचं, मांडीत टोचायचं. पुन्हापुन्हा वापरून सुई बोथट व्हायची, ती दगडावर घासून धार लावायची. उन्हानं औषध बिघडतं म्हणून मी बाटल्या मडक्यात, ओल्या वाळूत पुरून ठेवत असे. हे सगळं मी दवाखान्याच्या बाकावर बसून शिकले. समोर इंदू मांडीला हात लावून रडत होती.

तिचं लग्न ठरलं होतं. मुलाकडची माणसं एकदा घरी आली, चहा घेतला, सुईबद्दल विचारलं, आणि परत आली नाहीत. कुणी वाईट शब्द काढला नाही. त्यानंतर इंदूनं बाहेरच्या कुणासमोर सुई काढायचं बंद केलं. दार लावून घ्यायची.

गोड बंद झालं. पण आमचा मुलूख उसाचा. गुऱ्हाळं सुरू झाली की रसाचा वास घरात, अंथरुणात, केसांत बसतो. एका दुपारी ती गुऱ्हाळाच्या मागं बसून काकवी चाटताना सासूबाईंना सापडली. त्या दिवशी नळी लाल झाली. आता तपासणी मी घरीच करत होते. सासूबाईंनी तिला मारलं नाही. तिच्या शेजारी मातीत बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या जिभंवर निखारा ठिव, पर तू ह्ये खाऊ नगं."

पुढच्या वर्षी यजमान परत आले. ट्रंकेतून त्यांनी एक लहानसा डबा काढला. आत हिरवीगार पूड, मेंदीसारखी बारीक, वास कोवळ्या गवताचा. ती चहाच्या पानांची पूड होती. छावणीजवळच्या एका म्हातारीला स्वतःच्या रेशनची साखर देऊन त्यांनी ती बदल्यात घेतली होती. तिथं साखरेची फार टंचाई होती. ते इंदूला म्हणाले, "लय कडू असतंय. पर तिथली म्हातारी माणसं रोज पित्यात आन काटक ऱ्हात्यात."

ते सहज बोलून गेले. इंदूनं ते धरून ठेवलं.

डॉक्टरांनी मला सॅकरिनच्या गोळ्या दिल्या होत्या. सॅकरिन म्हणजे साखर नसलेला गोडवा. पण त्याची मागून एक कडवट, धातूसारखी चव जिभेवर राहते, म्हणून इंदू ते थुंकून टाकायची. मला वाटलं, मुळातच कडू असलेली ही पूड घातली तर ती चव झाकेल. साय, सुकं खोबरं आणि शेंगदाण्याचं थोडं कूट चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याच्याच वड्या करायला घेतल्या.

पहिल्या खेपेला मी पूड आणि गोळी चुलीवरच घातली. पूड तपकिरी पडली आणि वडी कडूजहर झाली. दुसऱ्या खेपेला साय आटवून खोबरं परतलं, पातेलं खाली उतरवलं आणि बोटाला सोसेल इतकं कोमट होऊ दिलं. मग चमचाभर पाण्यात विरघळवलेली गोळी आणि चिमूटभर पूड घालून ताटात थापलं. हिरव्या वड्या पडल्या. इंदूनं एक तोंडात टाकली, डोळे मिटून चघळली.

"वैनी," ती म्हणाली, "ह्ये खरंच गोड हाय."

त्यानंतर काकवीची चोरी थांबली. नळी लाल होईनाशी झाली, बहुतेक वेळा हिरव्यावर थांबायची, कधी निळीच राहायची. तिच्या गालांवर मांस आलं. मी सांगलीला जाऊन डॉक्टरांना हे सांगितलं, एक वडीही दिली. त्यांनी ती खाल्ली.

"छान आहे. पण तिला सांगा, काम इन्सुलिन करतंय. वडीनं फक्त चोरी थांबली."

मी घरी येऊन इंदूला शब्दन्‌शब्द सांगितलं. तिनं मान डोलावली.

साताऱ्याकडच्या खंडाळ्याला तिच्या मावशीकडे लग्न निघालं. मावशी स्वतः न्यायला आली. इंदू तोवर आपली सुई आपण टोचायला शिकली होती. मी पिचकारी, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या बाटल्या आणि वड्यांचा डबा तिच्याबरोबर दिला. मोटारीत बसताना ती हसत होती. पुष्कळ दिवसांनी नवं लुगडं तिच्या अंगावर शोभून दिसत होतं.

पुढचं मावशीनं आम्हाला नंतर सांगितलं. लग्नघर बायकांनी भरलेलं. चुलीवर सुई उकळायची म्हणजे दहाजणी विचारणार. इंदूनं औषधाची पिशवी उघडलीच नाही. मावशीनं विचारलं तर म्हणाली, "आता सुई लागत न्हाई. दादानं जपानचं औषध आणलंय, त्येच्या वड्या खाते मी." दोन्ही वेळा वडी खायची, औषध घ्यावं तशी, पाण्याबरोबर.

मग उलट्या सुरू झाल्या. लग्नाचं जेवण बाधलं असं समजून घरच्यांनी लिंबू-साखरेचं पाणी दिलं. तिनं ते गटागटा प्यायलं.

तिला साताऱ्याच्या दवाखान्यात आणल्याचा निरोप आला आणि आम्ही तिघं धावलो. ती जोरजोरात, खोल श्वास घेत होती. त्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. तिथले डॉक्टर म्हणाले, "कोमात चालली आहे." कोमा म्हणजे न उतरणारी गुंगी. साखर वापरता येत नाही म्हणून शरीर स्वतःची चरबी जाळत सुटतं आणि त्याचं विष रक्तात चढतं. हा वास त्याचाच. कुणाच्या श्वासाला तो आला तर एक घटकाही थांबू नका.

त्यांनी इन्सुलिन दिलं, शिरेतून पाणी चढवलं. आम्ही बाहेरच्या ओसरीवर बसलो. समोर कुणाचे तरी आजोबा संत्रं सोलत होते. सासूबाई त्या सालींकडे बघत राहिल्या. यजमान उभेच होते. "मी कशाला बोललो," एवढंच ते म्हणाले, आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. पण रोज त्यांच्या तोंडावर ते मला दिसतं.

दुपारी इंदूनं थोडा वेळ डोळे उघडले. मी तिचा हात धरला. ओठ कोरडे पडून फुटले होते.

"वैनी, मला वाटलं, सुटले."

"गप पडून ऱ्हा बाय," सासूबाई म्हणाल्या. "आपुन घरी जाऊ."

ऊन कलायच्या आत श्वास मंदावला, मग थांबला. डॉक्टरांनी चादर वर ओढली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आणखी आधी आणायला हवं होतं."

यानंतर शहाणपण येतं म्हणतात. मला आलं असं वाटत नाही. एवढं कळलं, की या आजारात माणसाला सुईपेक्षा सुटका गोड लागते, आणि सुटका म्हणून कुणीही काहीही हातात दिलं तरी माणूस ते धरून ठेवतो. सांगलीच्या डॉक्टरांची मी आभारी आहे. त्यांनी कधी खोटी आशा दाखवली नाही. त्यांच्या सुईनं इंदूला वर्ष-दीड वर्ष मिळालं, आणि त्यातले काही महिने ती पोटभर हसली.

परवा शेजारच्या गावची एक बाई आली. तिच्या नवऱ्याला हाच आजार निघाला होता आणि आमच्याकडच्या हिरव्या वड्यांबद्दल तिनं कुठंतरी ऐकलं होतं. "आवं, तेवढं करून द्या," ती म्हणाली. "सुईला त्यो लय भितो."

मी तिला चुलीपाशी बसवलं, पातेल्यात पाणी ठेवलं आणि म्हटलं, "वड्यांचं मग बघू. आधी पिचकारी उकळायची कशी, ते नीट बघ."