नियमात बसलेली म्हैस

आमच्या दारात म्हैस आली, ती मीच केलेल्या नियमांनुसार आली.

गोष्ट दोन हजार सात-आठच्या आसपासची. कोल्हापुरात तेव्हा घरोघरी इंटरनेट येऊ लागलं होतं, आणि आमच्या कॉलनीतल्या उत्साही लोकांनी इंटरनेटवर एक मंडळ काढलं होतं. (कोल्हापुरात चार माणसं एकत्र आली की मंडळ निघतंच. मांडव नंतर.) सुरुवातीला सगळे तिथं एकमेकांना सुप्रभात म्हणायचे. त्याचा कंटाळा आल्यावर कुणीतरी अदलाबदलीचा खेळ सुरू केला. घरातली नको असलेली वस्तू मंडळाच्या पानावर लिहायची, ज्याला ती हवी असेल त्यानं बदल्यात काय देणार ते सांगायचं, आणि जमलं की रविवारी अदलाबदल. पैशाचा संबंध नाही.

खेळ चांगला होता, पण खेळणारे आम्ही होतो. एकानं 'चालू पंखा' दिला. तो चालायचा, फक्त दर वेळी काठीनं ढकलून द्यावा लागायचा. दुसऱ्यानं शिट्टी नसलेला कुकर दिला आणि वर विचारलं, "शिट्टी देतो म्हटलंय का कुठं?" भांडणं पानावरून कट्ट्यावर आली. मग सगळे माझ्याकडं आले, कारण मी दिवाणी कोर्टात वकिली करतो.

"वकीलसाहेब, नियम करा. कुणाला पळवाट न्हाय मिळाली पायजे."

फुकटच्या कामात माणूस जीव ओततो. मी दोन रविवार बसून नियम केले. वस्तूचा दोष आधीच सांगायचा. एका घराचं एकच खातं. घरातल्या कुणीही शब्द दिला तर तो सगळ्या घराचा शब्द. (नवरे शब्द द्यायचे आणि मग 'घरात विचारलं न्हवतं' म्हणून पळायचे, म्हणून हा.) वस्तूनं उंबरा ओलांडला की ती परत येणार नाही. तक्रार आली तर तीन सभासदांनी निकाल द्यायचा, आणि नियम करणाऱ्यालाही सवलत नाही. हा शेवटचा नियम मी मुद्दाम ठळक केला. लोकांनी वाहवा केली. मी ती नम्रपणे, पण संपूर्ण स्वीकारली.

पहिला बळी शेजारचे भोसले सर. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी घरातला मिक्सर देऊन हार्मोनियम आणली. दुसऱ्या दिवशी वहिनींनी चटणीला दाणे काढले, आणि सर माझ्या दारात आले.

"वकील, तेवढा मिक्सर परत मिळवून दे बाबा. घरात चूल बंद हाय."

"सर, नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. "आज तुम्हाला सोडलं तर उद्या सगळ्यांना सोडावं लागेल."

सर परत गेले. महिनाभर त्यांच्या घरातून खलबत्त्याचा आवाज यायचा आणि त्यावर हार्मोनियमचा.

आता माझ्या गाडीबद्दल. पांढरी, जुनी चारचाकी, माझ्या पहिल्या मोठ्या खटल्यानंतर घेतलेली. तिच्यावर माझा फार जीव. मी ती चालवत मात्र नसे. आमची गल्ली अरुंद, आणि मला गाडी मागं घेता येत नाही. पुढं अप्रतिम चालवतो. पण पोर्चमधून ती बाहेर काढायची तर मागंच घ्यावी लागते, म्हणून कोर्टात स्कूटर. रविवारी मी गाडी पुसायचो आणि आत बसून पेपर वाचायचो.

"अहो, चहा आत आणू की गाडीत?" माझी बायको संध्या विचारायची.

आणि आई. आईचं माहेर राधानगरीकडचं, गोठ्यात लहानाची मोठी झालेली. पिशवीतलं दूध पातेल्यात ओतताना ती रोज त्याचा पाणउतारा करायची. "ह्येला दूध म्हणायचं? दुधाचा फोटू हाय ह्यो." संध्यानं तिला मंडळाचं पान वाचायला शिकवलं, तेव्हा मला कौतुकच वाटलं. म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा हवा.

एका रविवारी मी गाडी पुसत असताना फाटकासमोर टेम्पो थांबला. त्यातून आधी मंडळातला तानाजी उतरला आणि त्याच्यामागून, फळीवरून, शांतपणे, एक म्हैस.

"कुणाची म्हस, तानाजी?"

"तुमची की."

मी हसलो. तानाजी हसला नाही. म्हैस तर अजिबातच नाही. तेवढ्यात आई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली, तिनं म्हशीच्या पायावर पाणी घातलं, आणि म्हैस माझ्यादेखत फाटक ओलांडून आत आली.

"आई, हे काय?"

"आपली गाडी दिली, म्हस घेतली. संध्यानं लिवलं, मी सांगितलं."

मी संध्याकडं पाहिलं. ती म्हणाली, "दोषसुद्धा लिहिला हो आधीच. 'गाडी उत्तम, मालकाला मागं घेता येत नाही.'"

"अगं, पण मला विचारायचं!"

"घरातल्या कुणीबी शब्द दिला तर त्यो घराचा शब्द," आई म्हणाली. "तूच लिवलंयस. मी चष्मा लावून वाचलंय."

मी तक्रार केली. दुसरा मार्गच नव्हता. संध्याकाळी कॉलनीच्या गणपती मंदिरासमोर तीन सभासद खुर्च्या टाकून बसले, आणि मधल्या खुर्चीवर भोसले सर होते. सगळी कॉलनी जमली. लग्नालाही एवढी येत नाही. मी उभा राहिलो आणि दिवाणी कोर्टातला माझा सगळा अनुभव पणाला लावला. गाडी माझ्या नावावर आहे, माझ्या सहीशिवाय व्यवहार पुरा होत नाही, आणि जो व्यवहार पुरा होत नाही तो झालाच नाही.

"झालं तुझं?" आई म्हणाली. "गाडी तुझ्या नावावर हाय, मान्य. तू कुणाच्या नावावर हाईस?"

समोरचे लोक खुर्चीवरून घसरायचे बाकी होते. मी म्हणालो, हा कायद्याचा मुद्दा नाही. भोसले सर म्हणाले, हाच मुद्दा आहे.

मग त्यांनी तानाजीला विचारलं, "तुला गाडी कशाला रं?"

तानाजी खाली बघत बोलला. "वडील गावाकडं एकटं हाईत, सर. गुडघं गेल्यात. त्यांस्नी म्हशीचं हुईना आन् म्हस सोडून त्ये यीनात. आठवड्याला दवाखान्यात आणायचं म्हंजे यस्टीत चढवता येत न्हाय. म्हस चांगल्या घरी पडली तर येतो म्हणाले."

मी पुढचा मुद्दा तयार ठेवला होता, तो कुठला ते मला आठवेना. सरांनी घसा साफ केला. "नियम म्हणजे नियम, वकील. आज तुला सोडलं तर उद्या सगळ्यांना सोडावं लागेल." एवढं बोलून त्यांनी असा श्वास सोडला, जणू महिनाभर धरून ठेवला होता. (वहिनी मागं उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.)

मी कागदांवर सही केली. पेन आईनं पुढं केलं. तानाजीनं गाडी एका दमात मागं घेतली, गल्लीबाहेर काढली आणि नेली. पोर्चमध्ये म्हैस उभी राहिली. तिला ती जागा बरोबर बसली, हे मला कबूल करावं लागलं.

पुढच्या आठवड्यात तानाजी वडिलांना घेऊन आला. म्हातारा पुढच्या सीटवर राजासारखा बसला होता. उतरला तो थेट पोर्चमध्ये गेला. म्हशीनं त्याच्या खांद्याला तोंड घासलं, आणि तो तिच्याशी बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. आईनं त्याला पेलाभर धारोष्ण दूध दिलं. मला गाडीची आठवण यायची ती त्या दिवसापासून कमी झाली.

कॉलनी सकाळी पेले घेऊन आमच्या दारात येऊ लागली. पक्षकारही घरी येऊ लागले, आणि माझ्याशी बोलायच्या आधी म्हशीची चौकशी करू लागले. वैरण आणायला मी स्कूटरवरून जातो हे कोर्टात कळलं, आणि तिथंही मला थोडा मान मिळू लागला, आजवर निकालांनी न मिळालेला.

पुढच्या वर्षी श्रावणात म्हैस व्याली. रेडा झाला. दिसायला गोड, पण सारखा दारात आडवा उभा राहायचा, दिवसभर ओरडायचा, आणि त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता. आईनं त्याच्याकडं दोन दिवस नीट बघितलं आणि तिसऱ्या दिवशी त्याचं नाव ठेवलं, 'वकील'. मग ती फाटकातून "वकील, बाजूला हो" म्हणून ओरडली की आम्ही दोघंही बाजूला व्हायचो. खरं म्हणजे, तो नाही व्हायचा. मीच व्हायचो.