दोन्ही हातांनी टाटा

चहाचा कप आधी खाली ठेवा बरं, मागाहून अंगावर सांडला तर मला बोलू नका. आता जे सांगतोय ते मी बायकोपासून दोन महिने लपवलं होतं. अहो, मी एक भरलेलं विमान थांबवलं! कशानं? टाटा करून!

माझी नोकरी तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या विमानतळावर मी जमिनीवरचा माणूस. विमान निघताना त्याच्या नाकाखाली उभं राहायचं, हेडसेटची वायर विमानाला जोडायची आणि वर बसलेल्या कॅप्टनशी बोलायचं. त्याला मागचं काही दिसत नाही ना! मी सांगितलं की तो ब्रेक सोडतो, मग आमचे संगमनेरचे सलीमभाई बुटक्या ट्रॅक्टरनं विमान मागं ढकलतात. इंजिनं सुरू झाली की मी वायर काढून लांब जाऊन उभा राहतो. तिथून पुढं बोलणं बंद, नुसत्या हाताच्या खुणा. अंगठा वर केला म्हणजे निघा. आणि डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली म्हणजे थांबा, धोका आहे! ही फुली आमच्याकडून इतकी घोटून घेतली होती, की झोपेत हात वर गेले तरी फुलीच व्हायची.

तर त्या दिवशी विमानात कोण? माझ्या सासूबाई!

अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या बाई, सगळा जन्म भातखाचरात गेलेला. हैदराबादच्या लेकाला मुलगा झाला म्हणून पहिल्यांदाच विमानात बसणार, त्याही एकट्या. मी त्यांना मामी म्हणतो. आठ दिवस त्या गावभर सांगत होत्या, "आमच्या जावयानं सांगितल्याबिगर इमान जागचं हालत न्हाई."

आता एवढी कीर्ती झाल्यावर माणूस जमिनीवर राहतो का? काउंटरवरच्या मित्राला सांगून मी त्यांना डाव्या बाजूची खिडकी मिळवून दिली. छाती फुगवून म्हणालो, "मामी, खिडकीतून बघत राहा. मी खालून हात करीन."

"करा बरं, जावईबापू. मला लई भ्या वाटतंय."

पुढचं सगळं बिनचूक झालं. विमान ढकललं, इंजिनं सुरू झाली, वायर काढली, बाजूला गेलो. कॅप्टनला रुबाबात अंगठा दाखवला. त्यानंही काचेआडून हात केला. विमान हलायला लागलं.

आणि मला खिडकीत हिरवा पदर दिसला. मामी!

मी एक हात हलवला. काहीच नाही. मनात आलं, म्हातारीची नजर अधू, एका हातानं काय दिसणार? मग दोन्ही हात वर केले आणि डोक्यावर इकडून तिकडं, इकडून तिकडं, असे जोरजोरात हलवले.

विमान कचकन थांबलं.

मला काय वाटलं असेल? कॅप्टन किती चांगला माणूस, सासूबाईंसाठी थांबला! मी आणखी जोरात सुरू केलं. कॅप्टन काचेतून हातानं काहीतरी विचारत होता. मला वाटलं, तोही टाटा करतोय. त्यालाही केला! तेवढ्यात तिकडं आगीचा बंब बाहेर निघाला. मी मनात म्हटलं, आज याची तालीम दिसतेय.

मागून सलीमभाई ओरडत होते, पण माझ्या कानावर हेडसेट. शेवटी ते धावत आले आणि माझे दोन्ही हात धरून खाली ओढले.

"अरे भावा, काय दिसलं तुला? चाक गेलं का?"

"छे! सासूबाईंना टाटा करतोय."

सलीमभाईंनी हळूच माझे हात पुन्हा वर केले, डोक्यावर एकमेकांवर ठेवले आणि विचारलं, "याला काय म्हणतात?"

तुम्हाला सांगतो, पायाखालची जमीन नुसती सरकली नाही, उडाली!

वॉकीटॉकीवर इनचार्ज मॅडम कडाडल्या, "कॅप्टन विचारतायत काय झालंय! हेडसेट जोड आणि सांग त्यांना!"

एक क्षण मनात आलं, विमानापुढं कुत्रं दिसलं म्हणून सांगावं. पण मग कुत्रं सापडेपर्यंत विमान उभं, आणि नसलेलं कुत्रं मी आणणार कुठून? विमानाच्या नाकाखाली गेलो, वायर जोडली.

"ग्राउंड, काय प्रॉब्लेम आहे?" कॅप्टननं इंग्रजीत विचारलं.

माझं इंग्रजी तर केव्हाच पळालं होतं. "सर... मदर-इन-लॉ."

"आजारी आहेत?"

"नो सर. एकदम फिट."

"विमानाबाहेर राहिल्या का?"

"नो सर. आत. खिडकीत. मी... बाय करत होतो."

वरून एकदम शुद्ध मराठीत प्रश्न आला, "मग काय, नेऊ ना त्यांना?"

"न्या सर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

विमान गेलं. त्यानंतर मॅडमनी जे ऐकवलं ते सांगत नाही. महिनाभर मला बॅगा उचलायला लावलं. खुणांचं ट्रेनिंगही पहिल्यापासून, नव्या पोरांच्या रांगेत.

पण मी मनाला समजावत होतो. गेली तर गेली इज्जत, मामींना तर धीर आला! संध्याकाळी हैदराबादहून त्यांचा फोन आला.

"मामी, दिसलो ना मी?"

"कुठं वो? शेजारच्या बाईला खिडकी पायजे हुती, म्या दिऊन टाकली. खाली बघितलं की गरगरतं मला. पर जावईबापू, ते इमान मधीच का थांबलं हुतं? त्या बाई म्हनल्या, खाली कोन तरी येडा हात हलवतोय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय! म्या त्यास्नी म्हनलं, घाबरू नगा. आमचे जावई हायेत खाली, ते हाकलतील त्याला."