प्लॉट किती दिवसांचा?

तासगाव भागात ऑक्टोबर उलटला की लोक तारखेपेक्षा प्लॉटचे दिवस जास्त विचारतात. द्राक्षबागेची छाटणी झाली की तिथून मोजायला सुरुवात होते. शेजाऱ्याची छाटणी पंधरवड्याने मागे असेल, तर बांधाच्या अलीकडे एक दिवस आणि पलीकडे दुसराच. फवारणी, पाणी, घडांची विरळणी, सगळं त्या आकड्यावर चालतं.

मुबश्शिरा शिकलगार याच आकड्यांत वाढली. तिचे वडील मौला शिकलगार बसस्टँडमागच्या गल्लीत छाटणीच्या कात्र्यांना धार लावतात. कात्री घेऊन आलेल्या माणसाला त्यांचा एकच प्रश्न असतो, "छाटणी कवा हाय?" ज्याची जवळ, त्याची कात्री आधी. दुकानाच्या वरच्या खोलीत मुबश्शिराचं काम चालतं. तालुक्यातले काही सल्लागार बागायतदारांसाठी जे सल्ले देतात, ते तिच्या संगणकावर एकदा चढतात. तिथून शेतीऔषधांच्या दुकानांतले टीव्ही, काही मोबाईल अ‍ॅप आणि एक फोनसेवा ते आपोआप उचलतात. ती कोणालाही काही पाठवत नाही; ज्याला हवं त्याचं यंत्र येऊन घेऊन जातं. याला फीड म्हणतात. मौला पाट म्हणतात. तोंड एक, सऱ्या अनेक.

एवढ्या वेगवेगळ्या यंत्रांना सल्ला ओळखू यावा, म्हणून तो ठरलेल्या साच्यात बसवावा लागतो. मुबश्शिराच्या साच्यात तीनच रकाने होते: मथळा, तारीख, मजकूर. ते जाणूनबुजून. पुण्यात नोकरीला असताना तिने गुरांच्या बाजाराच्या माहितीसाठी चाळीसेक रकान्यांचा साचा बनवला होता. त्यात शिंगांच्या वळणालाही रकाना होता. बाजारातली माणसं प्रत्येक ठिकाणी "इतर" निवडून मोकळी व्हायची. "जनावर इतर, रंग इतर, शिंग इतर," ती सांगते. "शेवटी आमच्या बाजारात नुसते इतर विकले जात होते." ती कंपनी बंद पडली. तासगावला परतल्यावर तिने जो साचा केला, तो आटपाडीच्या एका औषध दुकानदाराने जेवणाच्या सुट्टीत आपल्या टीव्हीला जोडून घेतला. याचा तिला अभिमान होता, आणि तो गैर नव्हता.

अडचण गेल्या हंगामात आली, तीही जिल्ह्याबाहेरून.

सातारा जिल्ह्यात औंधजवळ सुभेदार जयराज घार्गे यांनी निवृत्तीनंतर द्राक्षबाग लावली. पहिलंच पीक. छाटणी उशिरा झालेली, डोळे नुकते फुटू लागलेले. अशा बागेला पाणी लागतं. गावातल्या औषध दुकानाच्या टीव्हीवर त्यांनी वाचलं: "पाणी बंद ठेवा." त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला. नंतर टीव्हीवर फवारणीचे सल्ले आले, पाण्याबद्दल काही आलं नाही. आठवडाभर व्हॉल्व्ह बंदच राहिला. फूट मागेपुढे झाली. एका वेलीवर हातभर काडी, तर शेजारच्या वेलीवर नुसता कोंब.

इस्त्रीच्या शर्टात, एसटीने, ते तासगावला आले आणि मौलांच्या दुकानात उभे राहिले.

"पाणी बंदचा हुकूम कुणी दिला?"

"हितं फकस्त धार लावून मिळती," मौला म्हणाले. "हुकूम वरच्या मजल्यावर."

मुबश्शिराने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि सवयीने विचारलं, "काका, छाटणी कधी झाली तुमची?"

"आत्ता इचारताय व्हय? पाणी बंद करायच्या आधी कोण इचारणार हुतं?"

"मजकुरात लिहिलं होतं. फुलोऱ्यातल्या बागांसाठी."

"आवं ताई, टीव्हीवर तीन शब्द दिसत्यात. बाकीचं टीव्हीच्या मागं जाऊन वाचू काय?"

"पण आठवडाभर? शेजाऱ्याला तरी विचारायचं."

"पुढचा हुकूम आल्याशिवाय आधीचा मोडत न्हाई. तीस वर्सं ह्येच केलंय." मग स्वतःच म्हणाले, "शेजाऱ्याला इचारलं आसतं तर लय बरं झालं आसतं, ते कळतंय मला."

चहा घेऊन ते गेले. पण गोष्ट पसरली. ज्या बागायतदारांच्या गटासाठी हे सल्ले दिले जात होते, त्या गटाने ऋषिराजला बोलावलं. ऋषिराज सांगलीचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, मामांची पलूसला बाग. त्याने बैठकीत मुबश्शिराला सरळ सांगितलं, "ताई, तुमच्या साच्यातून यंत्राला एवढंच कळतं की कोणीतरी काहीतरी लिहिलंय. कोणासाठी, हे कळायला काहीच जागा नाही."

ते खरं होतं, त्यामुळे तिला अजिबात आवडलं नाही.

ऋषिराजच्या साच्यात तीसेक रकाने होते: द्राक्षाची जात, ज्यावर कलम केलं तो खुंट, माती, पाण्यातला क्षार, वेलीची अवस्था आणि पुढे बरंच. सगळं भरलं की कोणता सल्ला कोणाच्या फोनवर जावा, हे यंत्रच ठरवणार. गटाने ठरवलं की एप्रिलच्या खरड छाटणीला, म्हणजे वर्षातल्या दुसऱ्या छाटणीला, हा साचा वापरून पाहायचा आणि सप्टेंबरच्या बैठकीत निकाल द्यायचा. ऑक्टोबरपासून एकच साचा राहील. मुबश्शिराचा हरला तर वरची खोली रिकामी करायची आणि पुन्हा पुण्यात नोकरी बघायची, हे तिने घरी सांगून टाकलं.

"एखादा रकाना वाढवून बघ," असं तिला दोघा-तिघांनी सुचवलं होतं. तिचं उत्तर ठरलेलं असे. "एकाला बसायला जागा दिली की तो पाहुणे घेऊन येतो."

एप्रिलमध्ये ऋषिराजचा साचा सल्लागार तानाजी यांच्या हाती पडला. तानाजी दिवसभर बांधाबांधाने फिरतात. उन्हात, एका हातात वेलीची काडी आणि दुसऱ्यात फोन, अशा अवस्थेत तीस रकाने भरायचे. त्यांनी प्रत्येक यादीतलं पहिलं नाव दाबलं आणि पुढच्या बागेकडे गेले. जातींच्या यादीत पहिली होती अनुष्का. ज्या भागात बहुतेक बागा थॉमसन आणि सोनाकाच्या, तिथले फोन आठवडाभर गप्प राहिले. गटात अनुष्का लावलेला एकटा अर्जुना होता.

"सगळ्या तालुक्याचं औषध माझ्या एकट्याच्या बागंवर मारताय काय रं?" त्याने तानाजींना भर चौकात विचारलं.

तानाजींनी बैठकीत हात वर केले. "हे भरत बसलो तर बागा कोण बघणार?"

"आणि नाही भरलं तर पुन्हा सुभेदारांसारखं होणार," ऋषिराज म्हणाला. दोघांचंही बरोबर होतं.

त्या बैठकीहून परतल्यावर मुबश्शिराने एक काम केलं, जे तिने आधीच करायला हवं होतं. तानाजी तिला सल्ला लिहून देत नाहीत. ते फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतात आणि ती तो टाइप करते. तिने मागच्या हंगामातलं ते पाण्याचं रेकॉर्डिंग काढून ऐकलं. तानाजींचं पहिलंच वाक्य असं होतं: "पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांच्या, फुलोऱ्यातल्या प्लॉटनी पाणी बंद ठेवा." तिने दुसरं ऐकलं, तिसरं ऐकलं. प्रत्येकाची सुरुवात दिवसांनीच होत होती. मथळा आटोपशीर असावा म्हणून ते दिवस कापत होती ती स्वतः. सुटसुटीतपणाच्या नादात तिने नेमकी तीच गोष्ट बाहेर ठेवली होती, जी माणसं न विचारता सांगत होती.

मग तिने साच्यात दोन रकाने वाढवले: कितव्या दिवसापासून, कितव्या दिवसापर्यंत. रिकामे ठेवले तर सल्ला सगळ्यांसाठी. बागायतदाराने आपली छाटणीची तारीख अ‍ॅपमध्ये एकदा सांगायची. पुढचं मोजणं यंत्राचं. प्लॉट त्या दिवसांच्या पुढे सरकला की सल्ला फोनवरून आपोआप निघून जातो, त्यामुळे जुना हुकूम लटकत राहत नाही. टीव्हीला समोर कोण उभं आहे हे कळत नाही, म्हणून तिथे दिवस मथळ्यातच पहिले. आटपाडीच्या दुकानदाराला काहीच बदलावं लागलं नाही. नवे रकाने त्याच्या टीव्हीने सरळ सोडून दिले.

ऋषिराजने तो साचा बघितला आणि विचारलं, "जात? माती?"

"वेगळा कप्पा ठेवलाय. ज्याला भरायचंय त्याने भरावं."

"कोणी भरणार नाही, ताई."

"मग कोणाचं अडणारही नाही."

तो हसला, पण पटल्यासारखा नाही. मातीचा रकाना सक्तीचा हवा, असं त्याचं आजही मत आहे.

सप्टेंबरच्या बैठकीत गटाने फार चर्चा केली नाही. कोणता साचा सोयीचा, असं तानाजींना विचारलं. ते म्हणाले, "ज्यात मला काही नवीन करावं लागत नाही तो." साचा मुबश्शिराचा राहिला. अ‍ॅपमध्ये दिवस मोजण्याचं काम ऋषिराजने केलं आणि चांगलं केलं. एकाच माणसाच्या दोन प्लॉटच्या छाटण्या वेगवेगळ्या असू शकतात, हे त्याच्या लक्षात आलं. मुबश्शिरा ते विसरली होती.

या हंगामात वरची खोली रिकामी झालेली नाही. खाली कात्र्यांची रांग आहे. नोव्हेंबरातल्या एका सकाळी औंधहून फोन आला.

"ताई, तासगावात सगळे पाण्याचं बोलत्यात म्हनं. माझ्या फोनवर काय न्हाई. बंद पडलाय काय?"

मुबश्शिराने पडद्यावर बघितलं. "प्लॉट किती दिवसांचा झाला, काका?"

"सतरा."

"मग बरोबर आहे. तो सल्ला तुमच्यासाठी नाहीच."

"म्हंजे आज हुकूम न्हाई?"

"नाही."

"बरं," सुभेदार म्हणाले. "मग पाणी चालू ठिवतो आन् यमाईच्या देवळात जाऊन येतो."